आधी अंदाज, मग प्रयोग: लहान मुलांसोबत विज्ञानाची सुरुवात

एका मोठ्या टबात पाणी भरा. शेजारी एक द्राक्ष आणि एक अख्खं कलिंगड ठेवा आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना विचारा, ही दोन्ही पाण्यात सोडली तर काय होईल? बहुतेक मुलं ठामपणे सांगतात की कलिंगड बुडणार आणि द्राक्ष तरंगणार. मग दोन्ही पाण्यात सोडा. कलिंगड डुलत वर राहतं आणि द्राक्ष सरळ तळाशी जाऊन बसतं. त्यानंतर दोन-तीन क्षण जी शांतता पसरते, तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप करायचा असतो.

ती शांतता मोडायची घाई मुलांना नसते, आपल्याला असते. ‘घनता’ हा शब्द आपल्या ओठांवर येऊन थांबलेला असतो. तो तिथेच थांबू द्या. ज्या मुलाचा अंदाज आत्ताच चुकलाय, त्याच्या डोक्यात खरं काम सुरू झालेलं असतं, आणि त्या घडीला आपण उत्तर सांगितलं की ते काम थांबतं.

पहिली ते चौथीच्या, म्हणजे साधारण सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसोबत पहिल्यांदाच प्रयोग करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल किंवा सुट्टीत चार मुलं गोळा करून बसणारी ताई असाल. विज्ञानाची पदवी लागत नाही. धीर मात्र लागतो, आणि रात्री अर्धा तास स्वतः प्रयोग करून बघण्याची तयारी लागते.

सुरू करण्याआधी

प्रत्येक प्रयोग आदल्या दिवशी त्याच साहित्याने करून बघा. ‘अशाच’ साहित्याने नव्हे, त्याच. एका कंपनीच्या स्केचपेनची शाई पाण्यात सुंदर पसरते, दुसरीची जागची हलत नाही. हे वर्गात कळलं तर पंचाईत होते.

मुलांचे तीन-तीन किंवा चार-चार जणांचे गट करा. पाच जण झाले की एक मूल नुसतं बघत राहतं, आणि ते बहुधा दर वेळी तेच मूल असतं. गटात कामं वाटून द्या: एकाने साहित्य आणायचं, एकाने करायचं, एकाने नोंद ठेवायची. पुढच्या प्रयोगाला कामं फिरवा.

सूचना सगळ्या आधी द्या, साहित्य नंतर वाटा. हा एक नियम पाळला तरी निम्मा गोंधळ टळतो. पाण्याचं भांडं समोर आल्यावर कुठलंही मूल ऐकत नाही, आणि त्याने ऐकावं अशी अपेक्षाही करू नये.

प्रत्येकाकडे एक वही असू द्या. पानावर तीन चौकोन काढायचे: ‘मला काय वाटतं’, ‘काय दिसलं’, ‘आता काय वाटतं’. ज्यांना अजून नीट लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढायचं. पहिला चौकोन प्रयोगाआधी भरायचा, तोही पेनने, आणि तो नंतर खोडायचा नाही. मुलं चुकलेला अंदाज गुपचूप बरोबर करून ठेवतात, कारण चूक म्हणजे लाल शेरा हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी तुमचा स्वतःचा एक अंदाज फळ्यावर लिहा आणि तो चुकला तर तसाच ठेवा.

प्रश्न विचारताना ‘का?’ने सुरुवात करू नका. ‘का’ म्हटलं की मुलं बाईंच्या मनातलं उत्तर शोधायला लागतात. ‘काय दिसलं?’, ‘आधीपेक्षा वेगळं काय झालं?’, ‘हे बदललं तर काय होईल?’ असे प्रश्न आधी येऊ द्या. आणि प्रश्न विचारून झाल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गातल्या संवादांचा अभ्यास केला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं त्यांना दिसलं. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात आणि मुलांकडूनही प्रश्न येऊ लागतात. तीन सेकंद म्हणजे फार नाही, पण वर्गासमोर उभं असताना ते खूप लांब वाटतात. मनात आकडे मोजा.

पहिला प्रयोग: काय बुडतं, काय तरंगतं

सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. साहित्य घरात असतं, धोका जवळपास नसतो, आणि एका प्रयोगातून पुढचे चार आपोआप निघतात.

साहित्य: पाण्याचा टब किंवा खोल पातेलं, आणि दहा-बारा वस्तू. त्यात मुद्दाम फसवणाऱ्या वस्तू हव्यात. सफरचंद आणि द्राक्ष, मेणबत्ती आणि खिळा, लाकडाचा मोठा ठोकळा आणि बारीकसा खडा, प्लॅस्टिकचं बटण, खोडरबर, बुचाचा तुकडा, न सोललेलं संत्रं.

१. एकेक वस्तू हातात घेऊन मुलांनी तिचं वजन जोखायचं आणि अंदाज नोंदवायचा.
२. मग वस्तू पाण्यात हळूच सोडायची. टाकायची नाही, नाहीतर पाणी उडण्यातच सगळा रस जातो.
३. बुडालेल्या एका बाजूला, तरंगलेल्या दुसऱ्या बाजूला.
४. आता विचारायचं: सगळ्या बुडालेल्या वस्तूंमध्ये सारखं काय आहे?

चौथ्या पायरीला भरपूर वेळ द्या. ‘जड बुडतं’ हा नियम येणार. मग त्यांना मोठा ठोकळा आणि बारीक खडा दाखवा. ‘लहान बुडतं’ असा नवा नियम येणार. मग बुचाचा तुकडा दाखवा. मुलं नियम मांडतात, तो मोडतो, पुन्हा दुसरा मांडतात. यातलं काहीही वाया जात नाही. तिसरी-चौथीतलं एखादं मूल ‘आपल्या आकाराच्या मानाने जड’ असं काहीतरी म्हणतं, तेव्हा समजा की घनतेची कल्पना त्याची स्वतःची झाली. शब्द पुढच्या वर्षी दिला तरी चालेल.

आता संत्रं घ्या. सालीसकट ते तरंगतं. सोलून सोडलं तर सहसा बुडतं. सालीच्या आत पांढऱ्या भागात हवा भरलेली असते. वजन कमी झालं आणि तरी बुडालं! एवढ्या एका गोष्टीवर मुलं अर्धा तास बोलू शकतात.

दुसऱ्या दिवशी क्लेच्या होड्या. प्रत्येक गटाला सारख्याच वजनाचा क्लेचा गोळा द्या. क्ले तेलकट प्रकारची हवी, पाण्यात विरघळणारी नको, आणि साधी चिकणमातीही नको, कारण तिचा नुसता चिखल होतो. गोळा बुडतो हे आधी बघून घ्यायचं. मग आव्हान द्यायचं: यातलं काहीही काढून न टाकता याला तरंगवा. पहिल्या होड्या चपट्या होतात आणि बुडतात. मग कुणाला तरी कडा वर उचलायचं सुचतं. तरंगलेल्या होड्यांमध्ये एकेक गोटी ठेवत जा आणि कुणाची होडी किती गोट्या पेलते ते मोजा. रुंद बूड आणि उंच भिंती असलेली होडी जिंकते, पण हे तुम्ही सांगायचं नाही.

होडी का तरंगते, याचं मूळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने मांडलेल्या नियमात आहे. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. चौथीच्या मुलांना हे डोळ्यांनी दाखवता येतं. अरुंद, उभट, पारदर्शक भांड्यात पाणी घ्या, पातळीला चिकटपट्टी लावा. साधारण २०० ग्रॅम क्लेचा गोळा आत सोडा आणि नवी पातळी खुणेने दाखवा. गोळा काढून त्याचीच होडी करा आणि ती तरंगत ठेवा. पाणी गोळ्याच्या वेळेपेक्षा जास्त वर चढतं. क्ले तेवढीच, पण होडी जास्त पाणी सारते. हे बघून आश्चर्य न वाटलेला मोठा माणूसही मला अजून भेटलेला नाही.

मीठ आणि अंडं हा याचाच पुढचा भाग. पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर पाण्यात ताजं कच्चं अंडं बुडतं. एकेक लहान चमचा मीठ घालून ढवळत जा. सहा-सात चमच्यांच्या आसपास अंडं उठून वर येतं. मग चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश साधं पाणी ओतलं तर खाली खारं आणि वर गोडं असे दोन थर राहतात आणि अंडं मधोमध लटकतं. अंडं आधी साध्या पाण्यातच तरंगलं तर ते जुनं आहे, त्याच्या आतला हवेचा कप्पा वाढलेला आहे. तोही एक धडाच. कच्च्या अंड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायला लावा.

लोकरीतला बर्फ

हा माझा सर्वांत आवडता प्रयोग, आणि यात लागतं फक्त बर्फ आणि घरातलंच थोडं सामान.

सारख्या आकाराचे दोन खडे घ्या. दोन्ही लहान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करा. एक पिशवी वाटीत उघडीच ठेवा, दुसरी लोकरीच्या टोपीत किंवा मोज्यात नीट गुंडाळून तशाच वाटीत ठेवा. आधी कोणता वितळेल?

जवळजवळ सगळी मुलं म्हणतात, लोकरीतला. लोकर गरम असते ना! स्वेटर घातला की ऊब येते, म्हणजे स्वेटरमध्ये ऊब असते, असा त्यांचा सरळ हिशोब असतो. तो मूर्खपणाचा नाही, अनुभवातून आलेला आहे. म्हणूनच सांगून तो हलत नाही.

खोलीच्या उकाड्यानुसार २० ते ४० मिनिटं थांबा. तेवढ्यात मुलांना दुसरं काहीतरी करू द्या, आणि कुणी टोपी उघडून बघणार नाही याकडे लक्ष ठेवा. मग दोन्ही पिशव्यांमधलं पाणी वेगवेगळ्या चमच्यांनी मोजा. लोकरीतला बर्फ जास्त शिल्लक असतो.

पिशवी का? बर्फ थेट लोकरीत ठेवला तर ती ओली होते, आणि ओली लोकर कोरडीइतकी उष्णता अडवत नाही. मग फरक पुसट दिसतो आणि मुलांची खात्री पटत नाही. मीही पहिल्या वेळी थेटच ठेवला होता.

आता लगेच स्पष्टीकरण देऊ नका. काही मुलं म्हणतील, टोपी जुनी होती. काही म्हणतील, अजून थोडा वेळ ठेवायला हवं होतं. त्यांना पुन्हा करू द्या, दुसऱ्या टोपीने करू द्या. टोपीऐवजी सुती कापड, वर्तमानपत्र, अ‍ॅल्युमिनियम फॉइल असं प्रत्येक गटाने वेगळं काहीतरी घेतलं तर एक छान शर्यत होते. दोन-तीन वेळा एकच गोष्ट दिसली की मग विचारा: लोकर ऊब देते की काहीतरी अडवते? आत शरीर असेल तर ती शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आत बर्फ असेल तर बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. लोकरीच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा हे काम करते.

याला जोडून एक झटपट प्रयोग आहे. स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं उपडं ठेवा आणि शेजारी भाजी चिरायचा लाकडी पाट ठेवा. मुलांना दोन्हींवर तळवा ठेवायला सांगा. धातू गार लागतो, लाकूड नाही. मग विचारा, कशावर ठेवलेला बर्फ जास्त वेळ टिकेल? उत्तर ठरलेलं: गार पातेल्यावर. बर्फ ठेवा. पातेल्यावरचा खडा काही मिनिटांत पसरायला लागतो, पाटावरचा बराच वेळ तसाच राहतो. खरं तर दोन्ही वस्तू खोलीच्याच तापमानाला असतात. धातू उष्णता भराभर पुढे नेतो. तळव्यातली उष्णता ओढून घेतो म्हणून गार लागतो, आणि तीच घाई बर्फाला वितळवते.

बी पेरताना

ओल्या कापसावर कडधान्य उगवून पाहणं सगळ्यांनी केलेलं असतं. बहुतेक वेळा ते कापसावर टाकलं, उगवलं, वहीत चित्र काढलं, एवढ्यावर संपतं. थोडीशी भर घातली तर त्याचा खरा प्रयोग होतो.

मूग किंवा राजम्याचे दाणे रात्रभर भिजवा. मूग एक-दोन दिवसांत मोड दाखवतात, राजमा जास्त दिवस घेतो पण त्याचे भाग मोठे दिसतात. चार वाट्या घ्या आणि प्रत्येकीत दहा-दहा दाणे ठेवा. पहिल्या वाटीत ओला कापूस, उजेडात. दुसरीत ओला कापूस, पण वर खोकं झाकून अंधारात. तिसरीत कोरडा कापूस आणि न भिजवलेले दाणे. चौथीत दाणे पाण्यात पूर्ण बुडवलेले. दहा दाणे का, हे मुलांना विचारा. एकच दाणा असता आणि तो किडका निघाला असता तर?

मोठं आश्चर्य अंधारातल्या वाटीत असतं. दाणे उगवतात, उजेडातल्यांपेक्षा उंचही होतात, पण पिवळट आणि लुकडे. उगवायला बीमध्येच साठवलेलं अन्न पुरतं. उजेड शोधत रोप सगळी ताकद उंचीवर लावतं. चौथ्या वाटीतले दाणे बहुधा कुजून वास मारतात, कारण बुडालेल्या बीला पुरेशी हवा मिळत नाही. ही वाटी दोन-तीन दिवसांनी टाकून द्या.

पट्टीने मोजणं लहान मुलांना जमत नाही. त्यांनी रोज रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापायची आणि तारीख लिहून भिंतीवर एका ओळीत चिकटवायची. आठवड्याभरात आलेख तयार होतो, आणि आलेख हा शब्दही उच्चारावा लागत नाही.

मोठ्या मुलांना यान बाप्टिस्टा फान हेल्माँट या सतराव्या शतकातल्या संशोधकाची गोष्ट सांगा. झाड माती खाऊन वाढतं का, हे बघायला त्याने सुमारे ९० किलो कोरडी माती कुंडीत भरली आणि त्यात दोन-अडीच किलोचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७७ किलोचं झालं. माती कमी झाली ती जेमतेम ५७ ग्रॅम! झाड पाण्याचंच बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. हे काम त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलं गेलं. मोजमाप चोख होतं, निष्कर्ष मात्र अपुरा होता, कारण हवा त्याने हिशोबातच धरली नव्हती. मुलांना विचारा, त्याने काय मोजायचं राहून गेलं? हवेपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागतो, पण ती पोचतात.

एका तासात होणारे

मिरपूड आणि साबण. पसरट, अगदी स्वच्छ ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरवा. बोटाला भांडी घासायच्या द्रव साबणाचा थेंब लावून मधोमध टेकवा. मिरपूड झटक्यात कडेला पळते. साबणामुळे त्या जागचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण, कमी होतो आणि भोवतालचं पाणी पृष्ठभागाला आपल्याकडे ओढून घेतं. मुलं लगेच ‘परत, परत!’ ओरडतात, पण त्याच पाण्यात दुसऱ्यांदा काही होत नाही. ताटली नीट धुऊन नवं पाणी घ्यावं लागतं. ताटलीला साबणाचा अंश राहिला असेल तर पहिल्यांदाही जमत नाही. आग्नेस पॉकेल्स या जर्मन मुलीने घरी भांडी धुताना पाण्याच्या पृष्ठभागाकडे असंच निरखून पाहिलं. विद्यापीठात जायची संधी तिला मिळाली नाही. स्वयंपाकघरातच उपकरण बनवून तिने मोजमापं केली. १८९१ मध्ये तिने लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं आणि त्यांच्या शिफारशीने ते ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. ही गोष्ट मुलींना आवर्जून सांगा, आणि मुलांनाही.

काळ्या शाईतले रंग. फिल्टर पेपरची किंवा जाडसर टिपकागदाची दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. खालून दोन सेंटिमीटरवर काळ्या स्केचपेनने ठिपका द्या. पेल्यात एक सेंटिमीटर पाणी घेऊन पट्टी उभी सोडा. ठिपका पाण्याच्या वरच राहायला हवा. तो बुडाला तर शाई पेल्यात उतरते आणि खेळ संपतो. दहा मिनिटांत काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग निघतात. कायम टिकणाऱ्या मार्करने हे होत नाही.

फुगणारा फुगा. बाटलीत ६० मिलिलिटर व्हिनेगर घाला. नरसाळ्याने फुग्यात एक लहान चमचा खाण्याचा सोडा भरा. फुग्याचं तोंड बाटलीवर घट्ट ओढून बसवा आणि मग फुगा उचलून सोडा आत पडू द्या. कार्बन डाय-ऑक्साइड तयार होऊन फुगा फुगतो. हा ‘ज्वालामुखी’च्या रूपात सगळीकडे केला जातो, पण नुसता फेस बघण्यात मला फारसं हशील वाटत नाही. मोजायला लावा: अर्धा चमचा सोडा, एक चमचा, दोन चमचे. अर्ध्याचा एक केला की फुगा बराच मोठा होतो. एकाचे दोन केले तरी जवळपास तेवढाच राहतो, कारण तोवर व्हिनेगर संपलेलं असतं आणि उरलेला सोडा तळाशी नुसता पडून राहतो. बाटलीला हात लावला तर ती गारही लागते. झाकण लावून बाटली बंद मात्र कधीही करू नका, ती फुटू शकते. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, लहान मुलाच्या घशात ते अडकू शकतात.

सेल आणि दिवा करायचा असेल तर एक सूचना: दीड व्होल्टच्या एका सेलवर साधा एलईडी लागत नाही. लाल एलईडीला दोन सेल एकापुढे एक जोडा आणि सोबत एक छोटा रोधही (रेझिस्टर) जोडा, किंवा सरळ टॉर्चचा जुना बल्ब घ्या.

लंबक

तिसरी-चौथीसाठी. दाराच्या चौकटीला किंवा टेबलाच्या कडेला दोरा बांधा. टोकाला क्लिप वाकवून हूक करा आणि त्यात एक वॉशर अडकवा. दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं, हे आधी पक्कं करा, नाहीतर प्रत्येक गटाचं उत्तर दुप्पट किंवा निम्मं येतं.

काय बदललं तर झोका लवकर येईल? मुलं म्हणतात, वजन वाढवा. तीन वॉशर अडकवा, पण तिन्ही त्याच हुकात, शेजारी शेजारी. एकाखाली एक लटकवले तर लांबीच बदलते आणि प्रयोग फसतो. वेळ बदलत नाही. जोरात ढकला म्हणतात. झोका फार मोठा नसेल तर तरीही वेळ जवळपास तोच राहतो. मग कुणीतरी दोरा आखूड करतं, आणि वेळ बदलतो.

वॉशरच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर लांबी ठेवली की दहा झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात. म्हणजे सेकंद मोजणारं घड्याळ तयार! आता विचारा, १ मीटर केला तर? चौपट दोरा, म्हणून चाळीस, असं सगळे म्हणतात. येतात २० सेकंद. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो. गॅलिलिओलाही हे मोजूनच कळलं होतं.

न करण्यासारखं

पाण्यातल्या ताटलीत मेणबत्ती पेटवून वर पेला उपडा ठेवायचा आणि पाणी चढलं की ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ म्हणायचं, हा प्रयोग अजून खूप ठिकाणी होतो. लहान मुलांसोबत तो करू नका. आग हे एक कारण आहेच. दुसरं म्हणजे हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. ज्योतीने तापलेली हवा फुगते आणि तिच्यातली काही पेल्याच्या कडेखालून निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. नीट पाहिलं तर पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर चढतं, आणि एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर ते जास्त वर येतं. ऑक्सिजन तर पेल्यात तेवढाच होता.

बाकी पथ्यं थोडक्यात, पण ती मोडू नका. बटणासारखे चपटे सेल आणि मण्याएवढे जोरदार चुंबक मुलांच्या हाती देऊ नका. गिळले गेले तर आतड्यांना आणि अन्ननलिकेला गंभीर इजा होते. चुंबकाचे खेळ मोठ्या पट्टी-चुंबकाने करा. भिंतीतल्या विजेच्या बोर्डाशी कुठलाही प्रयोग नाही. गरम पाणी मोठ्यांनीच ओतायचं. भिंगातून किंवा उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही, हे सावलीचा प्रयोग करताना पुन्हा पुन्हा सांगा. आणि प्रयोगाच्या टेबलावरचं काहीही चाखायचं नाही, अगदी साधं मीठसुद्धा नाही. उद्या दुसरी कुठलीतरी पांढरी पूड असेल.

सावलीचा उल्लेख आलाच आहे तर तोही सांगून टाकते. मोकळ्या जागी ३० सेंटिमीटरची काठी उभी रोवा आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सावली कधी सर्वांत आखूड होते, ती कुठल्या बाजूला सरकते, उद्या याच वेळी टोक कुठे असेल, हे मुलांनी खडूने आधीच आखून ठेवायचं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, हे त्या खड्यांच्या रांगेमागचं कारण, पण सात वर्षांच्या मुलासाठी उद्याची खूण बरोबर येणं हाच पुरेसा आनंद आहे.

आवराआवर

शेवटची दहा मिनिटं आवरण्यासाठी राखून ठेवा आणि ती मुलांनाच करू द्या. टब रिकामा करण्याआधी एकदा विचारा, अजून कुणाला काय बुडवून बघायचंय? सर्वांत चांगले प्रश्न याच वेळी येतात: साबण बुडेल का, बर्फ का तरंगतो, खाऱ्या पाण्यात द्राक्ष वर येईल का. उत्तर माहीत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, करून बघू’ म्हणा आणि प्रश्न एका कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढचा तास त्याच कागदापासून सुरू करा.

क्लेचे गोळे तेलकट असतात, ते झाकणाच्या डब्यात. वॉशर पुसून कोरडे करून ठेवा, नाहीतर गंजतात. उगवलेली रोपं मुलांना मातीत लावायची असतात, तेवढी माती तयार ठेवा. टबातलं साधं पाणी कुंड्यांना घाला. साबणाचं आणि मिठाचं मात्र मोरीत ओता, झाडांना नको.